सावंतकाकांच्या टॅक्सीचं पासिंग

गॅरेज बंद करून बरीच वर्षं झाली, तरी खाली रस्त्यावर कुणाचा ब्रेक करकचला की मी अजून गॅलरीत जातो. कुठली गाडी, कुठलं चाक, लायनर संपलाय की ड्रममध्ये पाणी गेलंय, हे कळल्याशिवाय मला परत येऊन बसवत नाही. बायको म्हणते, "तुम्हाला कुणी विचारलंय का?" कुणीच विचारलेलं नसतं. पण ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांतल्या खोड्या शोधल्या त्याला स्वस्थ बस म्हणणं आणि मांजराला उपास धर म्हणणं सारखंच. मी तरुणपणीही असाच होतो. चहासुद्धा उभ्यानेच प्यायचो.

माझं गॅरेज घाटकोपरला, असल्फाच्या चढाखाली. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, दोन जॅक आणि एक लाकडी पेटी. ऐंशीच्या दशकात तिथे येणाऱ्या कामांत निम्म्याहून जास्त काम एकाच प्रकारचं असे, टॅक्सीचं पासिंग. ज्यांचा टॅक्सीशी संबंध फक्त मागच्या सीटपुरता आला त्यांच्यासाठी सांगतो. भाड्याने चालणारी गाडी वर्षातून एकदा आरटीओच्या मैदानात नेऊन इन्स्पेक्टरपुढे उभी करावी लागते. तो दिवे लावून बघतो, हॉर्न वाजवतो, चाक धरून हलवतो, स्टिअरिंग किती ढिलं आहे ते बघतो, मीटरचं सील तपासतो. चासीवर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतो आणि छाप उमटवून घेतो. शेवटी गाडी पळवायला लावून ब्रेक मारायला सांगतो. गाडी सरळ थांबली तर ठीक, एका बाजूला ओढली तर घरी. पास झाली की वर्षभर रस्ता मोकळा. नापास झाली तर टॅक्सी चाळीखाली उभी आणि घरातले अर्धपोटी.

आता वर्षभर गाडीकडे ढुंकूनही न बघणारे टॅक्सीवाले पासिंगच्या आठवड्यात माझ्याकडे धावत यायचे. "अशोकभाई, परवा पासिंग आहे यार, वाट लागलीय, कायतरी कर." त्यांच्यासाठी मी एक सेट बाळगला होता. बऱ्यापैकी नक्षी शिल्लक असलेली चार चाकं, एक खणखणीत हॉर्न, एक वायपरची जोडी. सकाळी चढवायचा, गाडी पास करून आणायची, संध्याकाळी उतरवायचा. सगळ्या उपनगरातली गॅरेजं हेच करत. मैदानात ब्रेकच्या वेळी मालकाला न बसवता स्वतः मिस्त्रीने बसायचं, हाही रिवाज होता. मालक साहेबाला बघून घाबरतो आणि भलत्या वेळी पाय दाबतो. मिस्त्रीला आपला ब्रेक ठाऊक असतो.

एकदा दोन टॅक्स्यांचं पासिंग एकाच दिवशी आलं आणि सेट एकच. पहिली पास झाल्यावर मैदानाबाहेर रसाच्या गुऱ्हाळामागे तिची चाकं काढून मी दुसरीला चढवली आणि घाम पुसत रांगेत उभा राहिलो. त्या वेळी तिथे इनामदार म्हणून इन्स्पेक्टर होते. बारीक, पांढऱ्या भुवयांचे, कमी बोलणारे. ते पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि टायरवरच्या एका ओरखड्यावर बोट फिरवू लागले.

"अशोक, या टायरला मी सकाळी भेटलोय."

"नाही साहेब, एकाच दुकानातून घेतलेत."

"ओरखडापण त्याच दुकानातला?"

दुसरी टॅक्सी आठवड्यानंतर पुन्हा आणावी लागली. इनामदारांनी पुढे कधी तो विषय काढला नाही, पण माझी कुठलीही गाडी आली की ते आधी टायरकडे बघून हसायचे.

माझ्या सेटला कधी हात न लावू देणारं गिऱ्हाईक एकच, बाबल सावंत. कुडाळकडचे. तरुणपणी गिरणीत होते, मग टॅक्सी घेतली आणि तिच्यावरच दोन मुलींची लग्नं केली. आता घरी नवराबायको दोघंच. त्यांची टॅक्सी जुन्या गोल अंगाची, पुढे नाक फुगलेली, पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडणारी. या गाडीला सगळी मुंबई डुक्कर म्हणायची. काकांसमोर मात्र तो शब्द काढायची सोय नव्हती. एका नव्या टॅक्सीवाल्याने काढला तेव्हा काका त्याला म्हणाले होते, "तुझ्या बापाशीचा लगीन ह्या गाडयेतसून झाला आसात. वाईच दमान घे." तिच्याएवढ्या जुन्या गाड्या तोवर जवळजवळ सगळ्या भंगारात गेल्या होत्या. स्टँडवर ती उभी असली की पोरं बघायला जमत.

मी पहिल्यांदा त्यांना सेट दाखवला तेव्हा त्यांनी टायरला पायाने हलकेच ठोसलं आणि म्हणाले, "उसन्या पायांवर माझी गाडी उभी रवाची नाय, मेल्या. पास झाली तर स्वतःच्या पायावर होतली." आणि व्हायची. काका टायर वेळेवर बदलत, ऑइल वेळेवर बदलत, पावसाळ्यात ड्रम उघडून पुसत. अशा गाडीचं पासिंग करायला मला मजा यायची. बाकीच्या वेळी मी जादूगार असायचो, काकांच्या वेळी मिस्त्री.

त्या वर्षी मात्र उजव्या पुढच्या चाकाचा ब्रेक बिघडला होता. सिलिंडर गळत होता आणि ड्रम घासून इतका पातळ झाला होता की पुन्हा लेथवर चढवायची छाती होईना. त्या गाडीचा नवा ड्रम दुकानात मिळणं शक्य नव्हतं. मी कुर्ल्याच्या भंगारात हिंडायला लागलो. बाकीची कामं पडून राहिली, गिऱ्हाइकं ओरडायला लागली, पण मला ते सुचेना. अखेर एका ढिगाखाली त्याच जातीची एक गंजलेली गाडी सापडली. तिचा ड्रम मी स्वतः खोलला, घासला, बसवला, आणि काकांची गाडी चढावरून उतारावर सोडून बघितली. सरळ थांबली. त्या दिवशी मी मला स्वतःलाच झकास म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू गॅरेजवर आल्या. काका जेवून झोपले होते, ती वेळ साधून आल्या होत्या. मी स्टूल पुढे केलं, पण त्या बसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "अशोक, गाडी पास होतली काय रे?"

"होणार म्हणजे? पळणार काकू. दुसरा ड्रम बसवलाय. अजून पाच वर्षं बघायला नको."

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, त्यांनी नीट ऐकलं नाही.

"तू ती नापास कर," त्या म्हणाल्या.

मी हातातला पाना खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं. काकांचे डोळे जात चालले होते. काचबिंदू. त्या जबरदस्तीने एकदा डॉक्टरकडे घेऊन गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, जी नजर गेली ती परत येत नाही, उरलेली जपा आणि गाडी चालवणं बंद करा. काकांनी घरी येऊन थेंबांची बाटली देवाच्या फळीवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी टॅक्सी काढली. केळेवाल्याच्या हातगाडीला घासले, ते त्याच्यावरच ओरडून आले.

"ते सगळं मी गिळलंय," काकू म्हणाल्या. "पण परवा मी बाजारातून येत होते. पिशव्या जड. समोरून हे येताना दिसले, म्हणून हात केला. यांनी गाडी थांबवली, मान वाकवून माझ्याकडे बघितलं आणि मला विचारलं, 'किधर जाना है, बेन?'"

मला हसू आलं. काकू हसत नव्हत्या.

"मी आवाज दिला तेव्हा कळलं त्यांना. मग म्हणाले, गंमत केली. मी चाळीस वर्षं बघतंय त्यांना. गंमत करणारा माणूस नाही तो." त्यांनी डोळे पुसले. "माझं ऐकत नाहीत, पोरींचं ऐकत नाहीत. म्हणतात, जोवर गाडी पास होता तोवर मी चलवतलंय. गाडी नापास झाली की उतरेन, दुसऱ्या गाडीला हात लावणार नाही. तूच सांग, मी काय करू? कुणाचं पोर खाली आलं तर?"

मला राग आला. कुणाचा ते आजही नीट सांगता येत नाही. काकूंचा, काकांचा, त्या ड्रमचा. मी म्हणालो, "काकू, खोटं पास मी पुष्कळ केलंय. खोटं नापास माझ्याच्याने होणार नाही. तो ब्रेक मी माझ्या हाताने बसवलाय."

काकू पिशवी उचलून गेल्या. मी उरलेल्या दिवसात एकही काम धड केलं नाही. एका गाडीचा प्लग उलटसुलट तीनदा बसवला. घरी जेवायला बसलो, उठलो, चाळीच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आलो. सगळ्यात जास्त टोचत होतं ते हे की मला काही दिसलंच नव्हतं. काका आठवडाभर माझ्यासमोर उभे होते. मी गाडी उतारावर सोडली तेव्हा तिचा आवाज ऐकून ते अचूक सांगत होते, "मागचा डावा वाईच आधी धरता." मी म्हणालो होतो, वा, काय कान आहेत काकांचे! त्यांचे डोळे कुठे बघतायत हे बघायचं मला सुचलं नव्हतं. गाडी सोडून मला दुसरं काही दिसायचंच नाही.

पासिंगच्या सकाळी काका नवा खाकी शर्ट घालून आले. बॉनेटवर जास्वंदीचं फूल. काकू आल्या नाहीत. रिवाजाप्रमाणे मी गाडी चालवत अंधेरीच्या आरटीओत नेली. वाटेत काका बाजूला बसून गाणं गुणगुणत होते आणि मी वळणावळणावर त्यांच्याकडे चोरून बघत होतो. ते सरळ समोर बघत होते. पण समोर तर सगळेच बघतात.

मैदानात आमच्या पुढे बऱ्याच गाड्या होत्या. मी गाडीतून उतरलो, चढलो, पुन्हा उतरलो, पाणी प्यालो, टायरवर उगाच हात फिरवला. काका म्हणाले, "काय रे, पहिल्यांदा इलंस काय? बस गप." शेवटी इनामदार आले. टायर बघून हसले. दिवे, हॉर्न, वायपर, सगळं ठीक. चाक हलवून बघितलं, हललं नाही. चासीचा नंबर मी रॉकेलने पुसून खडू चोळून ठेवला होता, छाप स्वच्छ उमटला. इनामदारांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "सावंत, ही गाडी माझ्या तरुणपणची. हिला बघून बरं वाटतं." काकांची छाती फुगली.

"चला, ब्रेक बघू."

मी स्टिअरिंगकडे गेलो. दरवाजा उघडला. माझा एक पाय आत होता आणि मी तसाच थांबलो. मग पाय बाहेर घेतला आणि म्हणालो, "काका, आज तुम्ही बसा."

"मी? कित्याक?"

"तुमची गाडी आहे ना. स्वतःच्या पायावर पास होऊ दे."

त्यांना तर ते आवडलंच. रुबाबात बसले, दरवाजा ओढून घेतला. मैदानात माणसं होती. मी धावत पुढे जाऊन समोरच्या दोघातिघांना हाताने बाजूला केलं. इनामदार नेहमीप्रमाणे पांढऱ्या फक्कीच्या रेषेच्या बाजूला उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. त्यांची पद्धत ठरलेली होती. हात वर असेपर्यंत पळवायचं, हात खाली आला की दाबायचं. रेषेपलीकडे थोड्या अंतरावर वाळूने भरलेलं एक पिंप होतं.

गाडी सुटली. छान सुटली, इंजिनाचा आवाज एकसारखा. इनामदारांचा हात खाली आला. गाडी तशीच येत राहिली. मी ओरडलो. इनामदार ओरडले, "सावंत, ब्रेक!" आवाज ऐकताच काकांनी पाय दाबला. गाडी रेषेच्या बरीच पुढे, पिंपाच्या अलीकडे येऊन थांबली. सरळ थांबली, जराही हलली नाही. मागे मातीत चाकांचे पट्टे अगदी सारखे उमटले होते. इतका सुंदर ब्रेक मी परत कधी बसवला नाही.

इनामदार पट्ट्यांकडे बघत आले. मग पिंपाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. ते काकांच्या खिडकीशी वाकून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सावंत, समोरच्या भिंतीवर काय लिहिलंय, वाचा बघू."

मैदानाच्या कडेची भिंत तिथून फार लांब नव्हती. अक्षरं पुरुषभर उंच होती. काकांनी मान ताठ केली आणि शाळेत उभं राहून कविता म्हणावी तसं घडाघडा म्हटलं, "हॉर्न वाजवू नये. वाहने रांगेत उभी करावीत."

ती पाटी पूर्वी होती, बरीच वर्षं होती. पण मध्ये भिंत पुन्हा रंगवली होती आणि आता तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'मध्यस्थांशी व्यवहार करू नये.' ते माझ्यासारख्यांसाठीच होतं, म्हणून ते माझ्या चांगलं लक्षात होतं.

काकांना आमचं गप्प बसणं ऐकू आलं. ते म्हणाले, "चुकला काय?"

"नवीन रंगवलीय, काका," मी म्हणालो.

"कधी?"

इनामदारांनी उत्तर दिलं. "दोन पावसाळे झाले."

काकांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. या माणसाला मी सगळ्यांसमोर उघडं पाडलं होतं, आणि तरीही, पुन्हा तीच वेळ आली तर मी पाय बाहेर घेईन, हेही मला त्याच क्षणी ठाऊक होतं. इनामदारांनी बॉनेटवर कागद ठेवून सही केली. "गाडी पास आहे," ते म्हणाले. "गाडीत काहीच खोट नाही, सावंत. बाकीचं मी तुमच्यावर सोडतो. माझ्यावर सोडू नका." आणि ते पुढच्या गाडीकडे गेले.

काका बराच वेळ बसून राहिले. मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न मारला, तसे उतरले. दाराला हात लावत लावत मागे गेले, मागचा दरवाजा उघडला आणि आत बसले. मी खुळ्यासारखा उभा.

"काका, पुढे या ना."

"नको. चल, असल्फा. मीटर टाक."

"काका, थट्टा काय करताय?"

"मागे पॅसेंजर बसलो की मीटर टाकाचो आसता. टाक."

मी हात बाहेर काढून मीटर टाकला. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःची गाडी मागच्या सीटवरून कधी बघितली नव्हती. हाताने सीट चाचपत म्हणाले, "स्प्रिंग टोचता रे हयसर. कोण बोललो नाय कधी." त्या दिवसानंतर त्यांनी गाडी चालवली नाही. गावच्या भाच्याला बोलावून घेतलं आणि टॅक्सी त्याच्या हाती दिली. काकूंनी मला दिवाळीला करंज्यांचा डबा पाठवला, सोबत निरोप काही नव्हता. मी तो डबा घेतला, पण पुढे कितीतरी दिवस काकांच्या चाळीवरून जाताना मी वाट वाकडी करत असे.

ते सगळं नंतरचं. त्या दिवशी मी गाडी मरोळवरून घेतली. ऊन तापलं होतं, ट्रक आडवे येत होते आणि मला कधी एकदा घाटकोपर येतं असं झालं होतं. एरवी पाय आवरत नसे, त्या दिवशी मात्र मी जपून चालवत होतो. आरशात बघितलं तर काका डोळे मिटून बसलेले. साकीनाका मागे पडल्यावर ते एकदम पुढे वाकले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आता ह्या उताराक डाव्या अंगाक मोठो खड्डो आसा. सांभाळून. उजवीकडसून घे."

तो खड्डा आदल्या उन्हाळ्यातच बुजवला होता. वर गुळगुळीत काळं डांबर होतं.

मी वेग कमी केला आणि गाडी उजवीकडून घेतली.

"बरोबर," काका मागून म्हणाले.